कळकलेलं सार

मी तिसरीपर्यंत शिकलो. जामबागेतल्या मराठी शाळेत तीन वर्षं बसलो, चौथ्या वर्षी वडिलांनी हाताला धरून अफझलगंजच्या एका कल्हईच्या दुकानात नेऊन उभा केला. त्यामुळे जोडाक्षराला माझा हात अजून अडखळतो. हे आधीच सांगून ठेवतो, मागून चुका काढायला कुणी येऊ नये. पण भांड्याच्या बाबतीत मला शिकवेल असा माणूस या शहरात राहिलेला नाही. होते ते माझे उस्ताद, ते गेले.

आता कल्हई म्हणजे काय हेही लिहावं लागतं, असे दिवस आले. तांब्यापितळेच्या भांड्याला आतून कथलाचा पातळ थर देतात, ती कल्हई. भांडं भट्टीवर तापवायचं, नवसागराची चिमूट टाकायची, धूर उठला की कथलाची कांडी फिरवायची आणि कापसाच्या बोळ्यानं एका दमात सगळीकडे पसरायची. दम तुटला की डाग राहतो. लग्नाच्या स्वयंपाक्यांच्या देगा यायच्या माझ्याकडे, माणूस आत उभा राहील एवढ्या. त्या घासायला आत उतरायचं, वाळू टाकायची आणि कमरेतून गरगर फिरत पायांनी घासायचं. एक म्हातारा बावर्ची दर खेपेला म्हणायचा, "उस्ताद, तुमारी कलई में मुँह देख के दाढी बना लेतूँ मैं." पन्नास वर्षं हे केलं.

आणि पन्नास वर्षं एकच गोष्ट बायकांना ओरडून सांगितली. कल्हई उडालेल्या भांड्यात आंबट घालू नका. चिंच, दही, टोमॅटो, काही नको. तांबं उतरतं, अन्न कळकतं आणि कळकलेलं पोटात गेलं की माणूस आडवा होतो. तळ तांबडा पडेपर्यंत भांडं वापरून कुणी आली की मी भर दुकानात विचारायचो, "काय बाई, घरातल्यांना मारायचंय का?" माना खाली घालून जायच्या.

फ्रान्समधल्या त्या घराचं सांगायचं म्हणून हे आधी सांगितलं.

आमची एकुलती एक मुलगी तिकडे असते. जावई पुण्याचे, दोघंही कॉम्प्युटरवर. तीन वर्षं ती बोलावत होती, मी जात नव्हतो. मग बायकोच्या मूत्रपिंडाचं दुखणं निघालं आणि मुलीनं फोनवर रडून रडून तिकिटं काढली. निघायच्या आदल्या दिवशी बायको दारापुढच्या ओट्यावर बसली होती. भाजीवालीशी तेलुगूत भांडून तिनं मूठभर कोथिंबीर जास्तीची घेतली होती. ती निवडता निवडता मला म्हणाली, "एक ऐका. मला तिकडे ठेवून घेऊ देऊ नका. काय व्हायचं ते इथं होऊ दे, या ओट्यावर."

"कोण ठेवून घेतंय?"

"पोरगी. तिचा आवाज ओळखते मी. शब्द द्या."

मी शब्द दिला. मी दिलेला शब्द मोडत नाही, हे सगळ्या मोहल्ल्याला ठाऊक आहे.

मुलीच्या घरी पंधरा दिवस काढले. मग तिनं सुट्टी घेतली आणि आम्हाला एका खेड्यात नेलं, मोटारीनं चार तास. तिथं एक जुनं जमीनदाराचं घर होतं, पडलेलं, ते कुणी पुन्हा उभं करून भाड्यानं द्यायला ठेवलं होतं. आठ दिवस तिथं राहायचं. "आईला मोकळी हवा मिळेल," मुलगी म्हणाली.

हवा होती, पण धुक्याची. सकाळी दहापर्यंत खिडकीबाहेर काही नसायचं. मग हळूहळू अक्रोडाची दोन झाडं दिसायची आणि त्यांच्या पलीकडे सूर्यफुलांचं शेत, काढायचं राहून गेलेलं, सगळी फुलं काळी पडून माना टाकून उभी. भिंती हातभर जाडीच्या, दगडी. आत पाय ठेवला की गार. घराची मालकीण साठीची बाई, तिनं पहिल्याच दिवशी आम्हाला जुने फोटो दाखवले. छप्पर बसलेलं, स्वयंपाकघरात झाड उगवलेलं. तिनं आणि तिच्या नवऱ्यानं बारा वर्षं खपून ते उभं केलं. नवरा नंतर वारला. ती स्वतः पलीकडच्या छोट्या नव्या घरात राहायची. मी मुलीला विचारलं, ही इथं का राहत नाही? मुलीनं तिला विचारलं आणि हसून सांगितलं, "म्हणते, इथं फार गारठतं."

मला ते घर आवडलं नाही. काम चांगलं होतं, खोटं बोलत नाही. दगड दगडाला नीट बसवलेला, लाकडाच्या तुळया धुऊन तेल लावलेल्या. पण कामाची वस्तू तिथं एकही कामाला नव्हती. लहान मुलाच्या पाळण्यात वाळलेली फुलं. कणीक मळायच्या लाकडी परातीत मासिकं. आडावर लोखंडी जाळी बसवून वर कुंड्या. आणि स्वयंपाकघरात चुलीच्या वर, लोखंडी पट्टीला टांगलेली तांब्याची नऊ भांडी, थोरल्यापासून धाकट्यापर्यंत, लांब दांड्यांची.

मी खुर्ची न मागता हात वर करून मधलं एक खाली काढलं.

"बाबा, ती शोभेची आहेत," मुलगी म्हणाली. "त्यांना हात लावू नका म्हणते ती."

"भांडं शोभेचं नसतं. सांग तिला."

मी आत बोट फिरवलं. खिडकीकडे नेऊन बघितलं. बाजू पांढऱ्या होत्या. "कल्हई शाबूत आहे," मी म्हणालो. "ज्यानं केली, हात चांगला होता त्याचा. अजून पाच वर्षं बघायला नको."

जावई म्हणाले, "बाबांनी सर्टिफिकेट दिलं. फ्रेम करून लावू का खाली?" सगळे हसले, मालकीण न समजता हसली. मीही हसलो. आपल्या विद्येचा मान झाला की माणूस ऐटीत येतो, मी आलो.

आता जे तेव्हा मी स्वतःलासुद्धा कबूल केलं नव्हतं ते लिहितो. दोन वर्षांपासून मला नीट दिसत नव्हतं. मोतीबिंदू, दोन्ही डोळ्यांत. दिव्याभोवती गोल दिसायचं, माणसाचा चेहरा पाण्यातून बघितल्यासारखा. मी काम बंद केलं आणि लोकांना सांगितलं की आता तांब्याची भांडी वापरतं कोण. उस्तादांचा डोळा ऑपरेशनमध्ये गेला होता, त्यामुळे दवाखान्याचं नाव काढू देत नव्हतो. आणि बोटं? पन्नास वर्षं भट्टी आणि तेजाब. चहाचा पेला गरम आहे हे मला ओठांना कळतं, बोटांना कळत नाही. म्हणजे डोळा मेलेला, बोट मेलेलं, आणि तोंड तेवढं जिवंत.

बायकोला हे माहीत होतं. ती माझ्या पुढ्यातला पेला मुकाट उजवीकडे सरकवून ठेवायची.

त्या घरात तिसऱ्या दिवशी सकाळी मी चहा ओतला आणि तो कपाच्या बाहेर गेला. मुलगी समोर बसली होती. तिनं फडकं आणलं, पुसलं आणि बोटं वर धरली. "बाबा, किती?"

"मी काय सर्कशीतला आहे?"

"सांगा ना किती."

"तुझ्या सासऱ्याला विचार."

जावई उठून बाहेर गेले. मुलीनं आवाज खाली आणला. "सोमवारी शहरात गेलो की डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं. वेळ घेतलीय मी. ते काय म्हणतात ते बघू, मग परत जायचं ठरवू."

"ठरवू म्हणजे? तिकीट आहे."

"तिकीट रद्द होतं, बाबा. आईची किडनी अशी, तुम्हाला दिसत नाही. तिची औषधं कोण बघतं? गॅस कोण बंद करतं? उद्या काही झालं तर मी इथून काय करू? इथं राहा. कागदांचं सगळं मी बघते."

"मला दिसतं."

"मग किती बोटं होती?"

बायको चुलीपाशी अक्रोड फोडत बसली होती. तिनं मान वर केली नाही. फक्त फोडायची थांबली. तो आवाज थांबलेला मला ऐकू आला.

चौथ्या दिवशी ती काही खाईना. पाव तिच्या घशाखाली उतरत नव्हता, चीजचा वास आला की ती उठून जायची. सकाळी म्हणाली, "चिंचेचं सार असतं तर दोन घास भात गेला असता." चिंच होती, सुलतान बाजारातून घेतलेली, सामानात आणलेली. गूळही होता. मुलगी आणि जावई मालकिणीबरोबर मागच्या रानात अळंबी वेचायला गेले होते. बायको वर जाऊन पडली. मी मनाशी म्हणालो, आता करून दाखवतो. आल्यावर पोरीला दिसू दे की बाप चूल सांभाळू शकतो, बायकोला जेवू घालू शकतो, सोमवारच्या डॉक्टरची काही गरज नाही.

त्या घरात काळ्या मुलाम्याचे तवे आणि पातेली होती. असल्या भांड्यांवर माझा भरवसा नाही, कधीच नव्हता. मी तांब्याचं ते मधलं भांडं काढलं. धुतलं. चिंच कोळून घातली, गूळ, मिरची, जिऱ्याची फोडणी, पुडीत आणलेला वाळका कढीपत्ता. चांगलं उकळू दिलं. मंडळी यायला वेळ होता म्हणून त्याच भांड्यात झाकून चुलीच्या कडेला ठेवलं, गरम राहावं म्हणून. तास झाला असेल, जास्तच.

चव बघितली नाही. आमच्याकडे नैवेद्याआधी चाखत नाहीत. बायको पत्र्याच्या डबीत तिचा रांगता बाळकृष्ण घेऊन आली होती आणि त्या परक्या घरातही तो चुलीवरच्या दगडी फळीवर बसवला होता. तिनं बेचाळीस वर्षांत देवाच्या आधी ओठाला कधी काही लावलं नव्हतं. मी तिच्या रीतीनं केलं. छोट्या स्टीलच्या वाटीत सार काढून देवापुढे ठेवलं, मग जेवायला हाक मारली.

मुलीनं रानातून आणलेली अळंबी लोण्यात परतली होती. ती सगळ्यांनी थोडी थोडी घेतली, बायकोनंही दोन तुकडे घेतले. मग मी भातावर सार वाढलं, आधी तिला. आणि उभा राहिलो, तिच्या तोंडाकडे बघत.

तिनं एक घोट घेतला. माझ्याकडे बघितलं. मीठ कमी पडलं की ती बघते ते मला माहीत आहे, तसं ते बघणं नव्हतं.

"कसं झालंय?"

"झालंय," ती म्हणाली. आणि दुसरा घोट घेतला.

मुलीनं पळी उचलली. "मला पण दे ना गं. वासच काय सुटलाय."

बायकोनं भांडं दांडीला धरून स्वतःकडे ओढलं. "तू तुझ्या त्या कुत्र्याच्या छत्र्या खा. बेचाळीस वर्षांत पहिल्यांदा या माणसानं माझ्यासाठी चूल पेटवलीय. मला एकटीला खाऊ दे."

"आई, रेशनिंग का?" जावई म्हणाले.

"तुम्ही पुण्याचे, जावईबापू. तुम्हाला आंबट सोसायचं नाही. तुम्ही साखर घाला कशात तरी आणि खा."

सगळे हसले. मुलगी इतकी हसली की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. आठ-दहा दिवसांत आई पहिल्यांदा पोटभर जेवत होती. बायको दोन वाट्या सार प्यायली, भाताबरोबर, न थांबता. मग उठली, भांडं घेऊन मोरीशी गेली आणि उरलेलं सगळं ओतून दिलं.

"अगं, ओतलंस कशाला?"

"केस पडला होता."

भांडं तिनं स्वतः घासलं. पाठ आमच्याकडे करून बराच वेळ घासत होती. मग चवड्यांवर उभी राहून जागच्या जागी टांगून ठेवलं.

तीन वाजता तिला उलट्या सुरू झाल्या. चार वाजता उठून बसता येईना. तोंड हिरवट पांढरं पडलं, पोट धरून ती कुशीवर वळली आणि मला म्हणाली, "बसा जवळ, बोलू नका." मालकिणीनं फोन केला. दवाखान्याची गाडी आली, दोन माणसं आली, त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला तो मला न कळताही कळला, कारण मुलगी एकदम खाली बसली. अळंबी. रानातली अळंबी खाल्ली का? जावई तिला म्हणाले, "मी म्हटलं होतं ना, औषधाच्या दुकानात आधी दाखवून घेऊ, इथं ते तपासून देतात!" ती म्हणाली, "बाईंनी बघितली होती ना... आपण पण खाल्ली ना..."

गाडीत एकाच माणसाला जागा होती. मुलगी चढली. जावई मोटार घेऊन मागे गेले, मला म्हणाले, "बाबा, तुम्ही थांबा, दोन तासांत येतो न्यायला." मी थांबलो. त्या घरात मी एकटा, बाहेर काळी सूर्यफुलं, ऊन उतरत चाललेलं.

काय करावं म्हणून देवाला डबीत ठेवायला गेलो. पुढची नैवेद्याची वाटी तशीच होती. सार वाळून कडेला बसलं होतं. मी वाटी डोळ्याला भिडवली, तेव्हा दिसली ती कड. हिरवी. बोट बुडवून जिभेला लावलं. तांब्याचा जुना पैसा चोखावा तशी चव.

मी भांडं खाली काढलं आणि अंगणात नेलं. तिरप्या उजेडात धरलं, नाकाला लागेल इतकं जवळ. बाजू पांढऱ्या होत्या. तळ तांबडा होता. भाजलेल्या विटेसारखा तांबडा, तळहाताएवढा, कथलाचा मागमूस नाही. अशी भांडी घेऊन येणाऱ्या किती बायकांना मी काय काय बोललो होतो, ते सगळं त्या अंगणात माझ्याच आवाजात मला ऐकू आलं.

मालकीण पलीकडून आली. तिला वाटलं म्हातारा घाबरलाय. तिनं माझ्या हातातलं भांडं हळूच घेतलं, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि काहीतरी बोलली. मग मी बोललो. मराठीत. सगळं सांगितलं तिला, बाई, अळंबीनं काही झालं नाही, माझ्यामुळे झालं, मला दिसत नाही, मी तुमचं भांडं बघितलं पण मला दिसलं नाही, माझ्या बायकोला मी घातलं. ती मान हलवत राहिली, "वी, वी," म्हणजे हो, हो, करत राहिली. तिचेही डोळे भरले. मग तिनं भांडं आत नेऊन टांगलं. माझा कबुलीजबाब ऐकलेलं ते पहिलं माणूस, आणि तिला त्यातलं अक्षर कळलं नाही. खरं सांगायचं तर म्हणूनच मी बोललो.

वाटी मी रुमालात बांधून खिशात घातली. का, ते तेव्हा कळलं नाही.

दवाखान्यात बायकोच्या हाताला नळ्या लावल्या होत्या. मुलगी डॉक्टरशी बोलायला बाहेर गेली तेव्हा मी खुर्ची ओढून जवळ बसलो. "तुला कळलं होतं."

"पहिल्या घोटाला."

"मग थुंकली का नाहीस?"

"थुंकले असते तर पोरीनं चाखून बघितलं असतं. मग भांडं बघितलं असतं. मग तुमच्या डोळ्यांचं निघालं असतं. मग संपलंच, इथंच राहायचं."

"अगं, पण दोन वाट्या?"

ती छताकडे बघत होती. "तुम्ही बघत होतात," ती म्हणाली.

बाहेर मुलीचा रडायचा आवाज येत होता. मी उठलो. बायकोनं माझी बाही धरली, नळ्यांच्या हातानं. "बोलू नका तिला. मला घरी न्या. शब्द दिलाय तुम्ही."

मी बाहेर गेलो. लांब पांढरी वाट होती, मुलगी भिंतीला टेकून उभी होती. "बाबा, मी केलं हे," ती म्हणाली. "मी आईला विष घातलं." आणि माझ्या छातीवर डोकं ठेवलं. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. हात फिरवला. बोललो नाही.

डॉक्टरांना अळंबीत काही सापडलं नाही, पण अळंबीच असेल म्हणाले. तुम्ही धडधाकट, तुम्हाला पचली, त्यांची मूत्रपिंडं आधीच नाजूक. पाच दिवसांनी सोडलं. सोमवारची डोळ्यांची वेळ त्या गडबडीत कुणाच्या ध्यानातही राहिली नाही. बायको मुलीला म्हणाली, "मला घरी जाऊ दे गं." आणि जी पोरगी आठवड्यापूर्वी तिकीट रद्द करायला निघाली होती, ती मान खाली घालून "जा आई" म्हणाली. तिच्यात जोर उरला नव्हता. तिच्या मनावर जो डाग बसला, त्याच्या आधारानं आम्ही हैदराबादला परत आलो.

बायकोला ओटा मिळाला. शेवटपर्यंत ती रोज सकाळी तिथं बसली. भाजीवालीशी भांडली. पाय सुजत गेले, आठवड्यातून दोनदा रक्त धुवायला दवाखान्यात न्यावं लागायचं. मी तिथल्या डॉक्टरला एकदा विचारलं, पोटात तांबं गेलं तर मूत्रपिंडं जातात का? तो कागदावर लिहीत होता. म्हणाला, "अहो, ती आधीच गेली होती. या वयात किती कारणं शोधणार?" हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही. मी रोज ते दोन्ही बाजूंनी उलटून बघतो.

संक्रांतीनंतर आठ दिवसांनी, सकाळीच, ओट्यावरून उठताना ती गेली. तिला हवं होतं तसं.

मुलगी आली. जावई येऊ शकले नाहीत. तेराव्याला काय करायचं म्हणून शेजारणींनी विचारलं, तर मुलगी म्हणाली, "आईला सार आवडायचं." स्वतः करायला बसली, स्टीलच्या पातेल्यात. चिंच कोळताना तिचे हात थांबले. "त्या दिवशी मी ती मश्रूम उचलली नसती तर..." ती म्हणाली. "बाबा, मला रोज तेच दिसतं. मी कुणाला काही खायला घालू शकत नाही आता. ऑफिसात कुणी डबा मागितला तरी देत नाही."

शब्द बायकोला दिला होता. ती असेपर्यंतचा, असं मी धरलं. तिनं तसं म्हटलं नव्हतं.

मी ट्रंकेतून रुमाल आणला आणि सोडून तिच्यापुढे वाटी ठेवली. तिला कळेना. "हे काय?" मी कडेवरचं हिरवं दाखवलं. आणि सांगितलं, भांडं, तळ, डोळे, बोटं, सगळं, जसं इथं लिहिलंय तसं. शेजारणी दारात होत्या, त्यांच्यादेखत सांगितलं. माझ्या दुकानात बायकांना मी एकांतात कधी बोललो नव्हतो.

तिनं वाटी उचलून कडेवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "आईला माहीत होतं?"

"पहिल्या घोटाला."

"आणि तुम्हाला?"

"त्याच संध्याकाळी. तुम्ही गेल्यावर."

तिचे ओठ हलत होते, ती काहीतरी मनात जुळवत होती. "म्हणजे दवाखान्यात... मी तुम्हाला धरून रडत होते... तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवलात, तेव्हा तुम्हाला माहीत होतं."

"हो."

ती उठली. वाटी घेऊन मोरीवर गेली, हातात होती तीच चिंच लावून तिनं ती घासली, स्वच्छ, दोनदा, आणि फडताळात पालथी घातली. मग येऊन सार पुरं केलं. तेराव्याचं जेवण झालं, दुसऱ्या दिवशीच्या विमानानं गेली. निघताना पाया पडली. या खेपेला तिकडे चला असं म्हणाली नाही. दारातून मागे वळून एवढंच म्हणाली, "डोळे दाखवा."

आता रविवारी फोन येतो. जेवलात का विचारते, जेवलो सांगतो. काय जेवलात हे ती विचारत नाही. परवा जावई म्हणाले की तिनं ऑफिसात सगळ्यांसाठी पोहे करून नेले होते. मला तिनं ते सांगितलं नाही.

मी राहतो, एकटा, माझ्या घरात, मला राहायचं होतं तसा. भाजीवाली ओट्यापाशी थांबते, कोथिंबीर मुकाट जास्तीची देते, भांडायला कुणी नाही म्हणून. बाळकृष्णाला रोज नैवेद्य दाखवतो. पण आता आधी मी चाखतो, मग त्याच्यापुढे ठेवतो. बायकोनं बघितलं असतं तर तिनं घर डोक्यावर घेतलं असतं. देवाला राग आला असेल तर येऊ दे.

डोळे अजून दाखवलेले नाहीत. हे सगळं कागद नाकाला लावून लिहिलंय.